रेशनचे तेल आणि यकृतातील जनुके : मॉरिशसमधील एका तेलबदलाचा अभ्यास

पामतेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच आणि सोयाबीन तेलातही ते नसते; दोन्ही तेले वनस्पतिजन्य आहेत. तरीही 1987 नंतर मॉरिशसच्या सरकारने रेशनच्या तेलातील पामतेल काढून त्याजागी सोयाबीन तेल आणले, आणि 1992 मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा प्रौढांच्या रक्तातील एकूण कोलेस्टेरॉलची सरासरी 5.5 वरून 4.7 मिलिमोल प्रति लिटरवर, म्हणजे आपल्याकडील प्रयोगशाळा ज्या एककात अहवाल देतात त्यात सुमारे 213 वरून 182 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवर, उतरलेली आढळली. जे तेलात नव्हतेच, ते तेल बदलल्याने रक्तातून कमी कसे झाले, हा या प्रकरणाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर यकृताच्या पेशीत, आणि तिथेही काही मोजक्या जनुकांच्या नियमनात शोधावे लागते.

बेट आणि तिथले लोक

मॉरिशसची लोकसंख्या या काळात दहा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यातील सुमारे दोन-तृतीयांश लोक भारतीय वंशाचे होते. 1834 पासून ऊसमळ्यांसाठी गिरमिटिया मजूर म्हणून नेलेल्यांचे हे वंशज. त्यांत बिहारी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचाही समाज आहे आणि तो आजही तिथे आपली ओळख राखून आहे. याखेरीज आफ्रिकी व मिश्र वंशाचे क्रिओल आणि चिनी वंशाचे लोक बेटावर राहतात. भारतीय वंशाच्या लोकांमध्ये, ते जगात कुठेही गेले तरी, मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण चढे असल्याचे तोवर अनेक देशांत दिसून आले होते. त्यामुळे वेगवेगळ्या वंशांचे लोक एकाच बाजारातून, एकाच दुकानातून आणि बऱ्याच अंशी एकच तेल घेतात अशी ही जागा संशोधकांना महत्त्वाची वाटली यात नवल नाही.

1987 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने असंसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी प्रौढांची मोठी पाहणी झाली आणि 1992 मध्ये ती पुन्हा करण्यात आली. दोन्ही वेळा पाच हजारांच्या आसपास माणसे तपासली गेली. ऑस्ट्रेलियातील पॉल झिमेट आणि फिनलंडमधील याक्को तुओमिलेहतो यांच्यासारखे मधुमेह व हृदयरोगाच्या साथरोगशास्त्रातील (एपिडेमिऑलॉजी) जाणकार या कामात मॉरिशसच्या डॉक्टरांबरोबर होते. कार्यक्रमात प्रचार, शाळा, प्रसारमाध्यमे, व्यायामाचा आग्रह असे सगळे काही होते, पण त्याचा सर्वांत ठोस भाग शासकीय निर्णयाचा होता. घराघरांत वापरले जाणारे स्वस्त रेशनचे तेल मुख्यत्वे पामतेलाचे होते. त्यातील घटक बदलून ते सोयाबीनचे करण्यात आले. गृहिणीला काही नवीन शिकावे लागले नाही, पैसे जास्त मोजावे लागले नाहीत, स्वयंपाकाची पद्धत बदलावी लागली नाही. डाळपुरी आणि भजी तीच राहिली, कढईतील मेदाम्ले तेवढी वेगळी झाली. या प्रकरणाचे वैज्ञानिक मोलही यातच आहे, कारण आहारातील इतर गोष्टी बऱ्याच अंशी जागच्या जागी राहून एकच घटक मोठ्या प्रमाणावर बदलण्याचे प्रसंग माणसांच्या बाबतीत फारच थोडे येतात.

तेलात नेमके काय बदलले

पामतेलातील मेदाम्लांपैकी जवळपास निम्मी संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, असतात. त्यांत एकट्या पामिटिक आम्लाचा वाटा 44 टक्क्यांच्या आसपास असतो. सुमारे 40 टक्के ओलेइक आम्ल, म्हणजे एकच दुहेरी बंध असलेले, आणि उरलेले दहा टक्के लिनोलेइक, म्हणजे बहुअसंपृक्त. सोयाबीन तेलात हे चित्र जवळजवळ उलटे आहे: संपृक्त मेदाम्ले सुमारे 15 टक्के, ओलेइक 23 टक्क्यांच्या आसपास, आणि बहुअसंपृक्त मेदाम्ले 60 टक्के, ज्यांत लिनोलेइक आम्लाबरोबर सुमारे सात टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्लही येते.

समजा, दिवसाला 2000 किलोकॅलरी घेणाऱ्या माणसाच्या जेवणात 25 ग्रॅम पामतेल असते आणि ते सगळे काढून तितकेच सोयाबीन तेल आले. दोन्हींपासून मिळणारी ऊर्जा सारखीच, कारण मेद कोणताही असला तरी ग्रॅमला नऊ किलोकॅलरी देतो. पण संपृक्त मेद सुमारे साडेआठ ग्रॅमने घटतो, म्हणजे एकूण ऊर्जेतील त्याचा वाटा 3.8 टक्क्यांनी उतरतो, आणि बहुअसंपृक्त मेद साडेबारा ग्रॅमने वाढतो, म्हणजे त्याचा वाटा 5.6 टक्क्यांनी चढतो. मॉरिशसच्या दोन पाहण्यांच्या आहारनोंदींवरून संशोधकांनी काढलेला अंदाज याच्या अगदी जवळ आहे: संपृक्त मेदात साडेतीन टक्क्यांच्या आसपास घट, बहुअसंपृक्त मेदात साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. पाच चहाचे चमचे तेल बदलल्याने एवढे होते, हे ध्यानात ठेवले तर पुढील चर्चेतील आकड्यांना जमीन मिळते.

यकृताच्या पेशीत काय घडते

रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांपैकी बहुतांश कण यकृत उचलते आणि ते उचलण्यासाठी यकृतपेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल ग्राही नावाची प्रथिने असतात. टेक्सासमधील डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1970 च्या दशकात हा ग्राही शोधला आणि त्यासाठी 1985 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ज्यांच्या या ग्राहीच्या दोन्ही जनुकप्रती सदोष असतात अशा मुलांच्या रक्तात कोलेस्टेरॉल 600 ते 1000 मिलिग्रॅमपर्यंत चढते आणि बालपणीच हृदयविकाराचे झटके येऊ शकतात. ग्राही नसला तर काय होते हे त्यावरून कळले. एक ग्राही एलडीएल कण घेऊन पेशीत शिरतो, कण तिथे सोडून पृष्ठभागावर परततो, आणि ही फेरी सुमारे दहा मिनिटांत पूर्ण करतो. त्याचे आयुष्य वीसेक तासांचे असते. याचा अर्थ असा की पेशीला ग्राहींची संख्या टिकवायची तर त्याचे जनुक सतत वाचले गेले पाहिजे. जनुकाचे वाचन मंदावले की एक-दोन दिवसांतच पृष्ठभागावरील ग्राही विरळ होतात, एलडीएल कण रक्तात जास्त वेळ रेंगाळतात आणि अहवालातील आकडा चढतो.

हे वाचन किती व्हावे, ते ठरवणारे प्रथिन म्हणजे एसआरईबीपी-2. 1990 च्या दशकात याच प्रयोगशाळेने त्याची कार्यपद्धती उलगडली, आणि पेशीविज्ञानातील सर्वांत सुंदर शोधांपैकी तो एक आहे असे माझे मत आहे. हे प्रथिन तयार होते तेव्हा ते आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीच्या आतील जाळ्याच्या, पटलात अडकलेले असते आणि स्कॅप नावाच्या सोबती प्रथिनाशी जोडलेले असते. पटलात मुक्त कोलेस्टेरॉल पुरेसे असेल तर स्कॅपला इन्सिग नावाचे तिसरे प्रथिन धरून ठेवते आणि सगळी जोडी जागच्या जागी थांबते. पटलातील मेदरेणूंमध्ये कोलेस्टेरॉलचे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांच्या खाली गेले की ही पकड सुटते. मग स्कॅप एसआरईबीपी-2 ला गॉल्गी संकुलाकडे नेते, तिथे दोन विकर एकामागून एक त्याचे तुकडे करतात, आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन एलडीएल ग्राहीच्या जनुकाच्या सुरुवातीला असलेल्या एका ठरावीक क्रमावर बसतो. जनुकाचे वाचन वाढते. त्याच वेळी कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या विकरांची जनुकेही जागी होतात, म्हणजे पेशी एकीकडे बाहेरून कोलेस्टेरॉल ओढते आणि दुसरीकडे आत तयारही करते. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे या दुसऱ्या वाटेवरील विकर अडवतात, पेशीला कोलेस्टेरॉलची चणचण भासवतात आणि त्यामुळे ग्राही वाढतात. म्हणजे गोळी आणि तेल अखेर एकाच यंत्रणेवर येऊन पोहोचतात, जरी त्यांच्या परिणामाची तीव्रता खूपच वेगळी असली तरी.

आता मेदाम्लांचा प्रवेश. मुक्त कोलेस्टेरॉल पटलात राहिले तर त्याची नोंद एसआरईबीपीच्या यंत्रणेत होते. पण त्याला एखादे मेदाम्ल जोडून त्याचे एस्टर केले तर ते पेशीतील मेदाच्या थेंबांत साठवले जाते आणि यंत्रणेच्या नजरेआड होते. हे जोडण्याचे काम करणारे यकृतातील विकर ओलेइक आणि लिनोलेइक यांसारखी असंपृक्त मेदाम्ले पसंत करते. जॉन डायट्शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेही डॅलसमध्येच, हॅमस्टरवर केलेल्या प्रदीर्घ कामातून हे स्पष्ट झाले. खाद्यात 12, 14 किंवा 16 कार्बनांची संपृक्त मेदाम्ले दिली की यकृतातील कोलेस्टेरॉल एस्टर घटतात, ग्राहींचे कार्य मंदावते आणि एलडीएलची निर्मितीही वाढते. असंपृक्त मेदाम्ले दिली की कोलेस्टेरॉल एस्टरच्या साठ्याकडे वळते, यंत्रणा मोजते ते पटलातील मुक्त कोलेस्टेरॉल कमी होते आणि ग्राही परततात. यकृतातील एकूण कोलेस्टेरॉल वाढूनही ग्राही वाढू शकतात, ही गोष्ट वरकरणी विरोधाभासी वाटते, पण पेशी एकूण साठा मोजतच नाही. ती फक्त आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलातील मुक्त भाग मोजते, हे समजले की विरोधाभास उरत नाही.

याच प्रयोगांत 18 कार्बनांचे संपृक्त स्टिअरिक आम्ल मात्र एलडीएल वाढवत नसल्याचे दिसले. माणसांवरील आहारप्रयोगांतही हेच आढळते. म्हणून सर्व संपृक्त मेदाला एकाच मापाने मोजणे योग्य नाही, आणि मॉरिशसच्या बाबतीत महत्त्वाचे आहे ते पामिटिक आम्ल, कारण पामतेलाच्या संपृक्त भागात तेच जवळजवळ सगळे आहे.

आणखी एक बारकावा इथे सांगायलाच हवा. एसआरईबीपी-2 ज्या जनुकांना जागे करते त्यांत पीसीएसके9 हेही आहे, आणि या जनुकापासून बनणारे प्रथिन एलडीएल ग्राहीला पेशीत नेऊन नष्ट करवते. म्हणजे ज्या हाताने पेशी ग्राही वाढवते त्याच हाताने त्यांचा अंत करणारे प्रथिनही बनवते. आहारामुळे होणारा फरक अमर्याद का वाढत नाही, ठरावीक उंचीवर का स्थिरावतो, याच्या कारणांपैकी हे एक आहे.

दुसरी फळी : ट्रायग्लिसराइडची जनुके

कोलेस्टेरॉलच्या पलीकडे, सोयाबीन तेलातील बहुअसंपृक्त मेदाम्ले आणखी दोन नियामकांशी बोलतात. पहिला एसआरईबीपी-1सी, जो इन्शुलिनच्या हुकुमावर साखरेपासून मेद बनवणारी जनुके चालवतो. बहुअसंपृक्त मेदाम्ले त्याला अनेक ठिकाणी रोखतात: त्याच्या जनुकाला चालना देणाऱ्या एलएक्सआर या ग्राहीच्या आड येतात, त्याच्या संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे जनुक वाचून बनणाऱ्या प्रतीचे, आयुष्य कमी करतात, आणि इन्सिग प्रथिनाचा नाश थांबवून त्याला पटलातच अडकवून ठेवतात. दुसरा नियामक पीपीएआर-अल्फा. 1990 मध्ये प्रथम ओळखला गेलेला हा केंद्रकीय ग्राही मेदाम्लांना थेट बांधतो आणि मेद जाळणाऱ्या विकरांची जनुके चालू करतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील साधा मेद, उतरवण्यासाठी दिली जाणारी फायब्रेट औषधे याच ग्राहीवर काम करतात. या दोन्ही वाटांनी यकृत कमी मेद बनवते, जास्त जाळते आणि ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे व्हीएलडीएल कण कमी सोडते. व्हीएलडीएलपासूनच पुढे एलडीएल तयार होत असल्याने त्याचा अप्रत्यक्ष परिणाम एलडीएलवरही होतो.

संपृक्त मेदाची बाजूही इथे गप्प बसलेली नाही. 2005 मध्ये बोस्टनमधील ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने उंदरांवरील कामातून दाखवले की संपृक्त आणि ट्रान्स मेद खाल्ल्यावर यकृतात पीजीसी-1-बीटा हे सहनियामक प्रथिन वाढते, ते एसआरईबीपी कुटुंबाला बळ देते आणि यकृतातून व्हीएलडीएल अधिक बाहेर पडू लागते. उंदीर आणि माणूस यांच्या मेदवहनात मोठे फरक आहेत. उंदराच्या रक्तात बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ते यकृताकडे परत नेणाऱ्या कणांत, असते. म्हणून या निष्कर्षाला मी दिशादर्शक मानतो, मॉरिशसच्या आकड्यांचे स्पष्टीकरण मानत नाही.

माणसांमध्ये हे खरेच होते का

मॉरिशसमध्ये कोणाच्याही यकृताचा तुकडा काढून त्यातील संदेशवाहक आरएनए मोजलेला नाही आणि निरोगी माणसांच्या बाबतीत तसे करणे योग्यही नव्हते. म्हणून तेल आणि आकडा यांच्यामधली जनुकीय पायरी इथे थेट पाहिलेली नसून इतर पुराव्यांवरून जोडलेली आहे. त्यांतील सर्वांत जवळचा पुरावा अमेरिकेतला आहे. 1990 च्या दशकात नियंत्रित आहारावर ठेवलेल्या निरोगी स्त्री-पुरुषांच्या रक्तातील एककेंद्रकी पांढऱ्या पेशींवरचे एलडीएल ग्राही मोजण्यात आले. आहारातील संपृक्त मेदाचा वाटा 15 टक्क्यांच्या आसपासवरून सहाच्या आसपास आणला तेव्हा या पेशींवरील ग्राही सुमारे दहा टक्क्यांनी वाढले आणि एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे बारा टक्क्यांनी घटले. पांढरी पेशी म्हणजे यकृतपेशी नव्हे, हे खरे. पण ग्राहीचे जनुक दोन्हींत तेच आहे, त्याचा नियामक तोच आहे, आणि दोन्ही बदलांची दिशा व प्रमाण एकमेकांना साजेसे आहे.

वेळेचा मुद्दाही या स्पष्टीकरणाशी जुळतो. नियंत्रित आहारप्रयोगांत मेद बदलल्यावर कोलेस्टेरॉल दोन-तीन आठवड्यांत नव्या पातळीवर येऊन थांबते, आणि जुना आहार परत दिला की तितक्याच वेगाने मूळ पातळीवर जाते. जनुकांच्या अक्षरांत काहीच बदलत नाही. ती किती वेळा वाचली जातात, एवढेच बदलते. केंद्रकात गेलेला एसआरईबीपीचा तुकडा काही तासांत नष्ट होतो, त्यामुळे पेशीला रोज नव्याने निर्णय घ्यावा लागतो. मॉरिशसमधील घट पाच वर्षांनी दिसली याचा अर्थ ती पाच वर्षे हळूहळू होत होती असा नाही. ती बहुधा तेल बदलल्यानंतर लवकरच झाली असावी आणि दुकानात तेच तेल मिळत राहिले म्हणून टिकली.

हिशेब आणि उरलेला भाग

अँसेल कीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात मिनेसोटात आहारप्रयोगांवरून एक समीकरण मांडले होते. ऊर्जेतील संपृक्त मेदाचा वाटा एक टक्क्याने घटला तर कोलेस्टेरॉल सुमारे 2.7 मिलिग्रॅमने उतरते आणि बहुअसंपृक्त मेदाचा वाटा एक टक्क्याने वाढला तर सुमारे 1.3 मिलिग्रॅमने उतरते. त्यांनी हे मांडले तेव्हा एलडीएल ग्राही कोणाला ठाऊक नव्हता. ग्राहीच्या जनुकाचे वर्तन त्यांनी नकळत दोन गुणांकांत बांधले होते, असे आज म्हणता येते. मॉरिशसचे आकडे त्यात घातले तर 3.5 गुणिले 2.7, म्हणजे साधारण साडेनऊ, अधिक 5.5 गुणिले 1.3, म्हणजे साधारण सात, अशी सुमारे साडेसोळा मिलिग्रॅमची घट अपेक्षित ठरते. प्रत्यक्षात घट 31 मिलिग्रॅमची झाली. संशोधकांनी स्वतः केलेल्या विश्लेषणातही स्त्री-पुरुष दोघांमध्ये घटीचा साधारण अर्धा भागच मेदाम्लांच्या बदलाने स्पष्ट झाला.

उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल सावधपणे बोलले पाहिजे. याच पाच वर्षांत पुरुषांमधील धूम्रपान सुमारे 58 टक्क्यांवरून 47 टक्क्यांवर आले आणि अतिमद्यपानाचे प्रमाण सुमारे 38 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर घसरले. मद्य एचडीएल वाढवते. ते कमी झाल्याने एचडीएल आणि त्याबरोबर एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरणे शक्य आहे, आणि तसे झाले असेल तर घटीचा तेवढा भाग लाभाचा म्हणता येणार नाही. सोयाबीन तेलात पामतेलापेक्षा वनस्पती-स्टेरॉल जास्त असतात व ते आतड्यातील कोलेस्टेरॉलचे शोषण रोखतात. मात्र 25 ग्रॅम तेलातून ते शंभर मिलिग्रॅमच्याही खाली मिळतात, तर ठळक परिणामासाठी दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास लागतात, त्यामुळे या मार्गाचे श्रेय किरकोळच राहील. आहाराच्या नोंदींतील चुकांमुळे मेदाम्लांचा परिणाम कमी मोजला गेला असण्याचीही शक्यता आहे, कारण खाल्लेल्या तेलाचे प्रमाण माणसांना आठवणे अवघड असते. शिवाय तुलनेला दुसरे बेट नव्हते. जुने तेल वापरत राहिलेला, बाकी सर्व बाबतींत मॉरिशससारखाच असा समाज असता तरच तेलाचा वाटा निखळपणे वेगळा काढता आला असता.

माझ्या मते हा अर्धा अनुत्तरित भाग लपवू नये आणि त्यामुळे उत्तरित अर्ध्या भागाचे मोलही कमी करू नये. आहार आणि रक्तातील मेद यांच्या बाबतीत लोकसंख्येच्या पातळीवर इतके जुळणारे भाकीत क्वचितच पाहायला मिळते.

रक्तातील आकडा आणि रोग

इथे एक फरक सांभाळणे आवश्यक आहे. मॉरिशसच्या पाहणीने कोलेस्टेरॉल मोजले, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंवर तेलाचा झालेला परिणाम मोजला नाही. 1968 ते 1973 या काळात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मनोरुग्णालयांतील आणि एका वृद्धाश्रमातील नऊ हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या प्रयोगात संपृक्त मेद कमी करून मक्याचे तेल देण्यात आले होते. तिथे कोलेस्टेरॉल सुमारे 14 टक्क्यांनी घटले, म्हणजे टक्केवारीत मॉरिशसइतकेच. पण 2016 मध्ये त्या जुन्या नोंदींचे नव्याने विश्लेषण झाले तेव्हा त्या गटात मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. त्या प्रयोगातील बहुतेक माणसे अल्पकाळच आहारावर होती, आणि धमन्यांचा रोग वर्षानुवर्षे साचत जातो, त्यामुळे त्यावरून तेलबदल निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. जन्मापासून एलडीएल कमी असणाऱ्या जनुकीय प्रकारांच्या अभ्यासांतून आणि स्टॅटिनच्या चाचण्यांतून एलडीएल घटण्याचा फायदा भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. तरीही एका मार्गाने आकडा उतरला म्हणून प्रत्येक मार्गाने रोग तेवढाच उतरेल, असे धरून चालणे बरोबर नाही.

मॉरिशसमध्येच याची दुसरी बाजू दिसली. कोलेस्टेरॉल घटत असताना त्याच पाच वर्षांत लठ्ठपणा वाढला, आणि मधुमेह कमी न होता पुढील वर्षांत वाढतच गेला. जनुक-नियमनाच्या अंगाने पाहिले तर यात विसंगती नाही. तेलातील मेदाम्लांच्या प्रकाराने एसआरईबीपी-2 आणि एलडीएल ग्राही यांच्यावर परिणाम झाला; पण एकूण कॅलरी, वाढते वजन आणि त्यामुळे चढे राहणारे इन्शुलिन हे मुख्यतः एसआरईबीपी-1सी या वेगळ्या नियामकाला चालवतात, आणि त्या शाखेवर ट्रायग्लिसराइड व यकृतातील मेद अवलंबून असतात. बहुअसंपृक्त मेदाम्ले तिला काही प्रमाणात आवर घालतात, पण सोयाबीन तेलातही ग्रॅमला नऊ किलोकॅलरीच आहेत, आणि वजन वाढत राहिले तर तो आवर पुरत नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहताना

भारत हा जगातील सर्वांत मोठ्या पामतेल आयातदारांपैकी एक आहे आणि सोयाबीन पिकवणाऱ्या आघाडीच्या राज्यांत महाराष्ट्र मोडतो. 2022 च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शंभर रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचात रवा, चणाडाळ आणि साखर यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते. मॉरिशसचा अनुभव वाचून या पिशवीकडे बोट दाखवण्याचा मोह होईल, म्हणून तिचाही हिशेब मांडतो. एक लिटर, म्हणजे सुमारे 910 ग्रॅम तेल, पाच माणसांच्या कुटुंबात महिनाभर वापरले तर माणशी दिवसाला सहा ग्रॅम पडते. वरच्या उदाहरणातील 25 ग्रॅमच्या ते पावपट आहे, आणि सणापुरते आहे. दोन-तीन आठवड्यांत नव्या पातळीवर जाणारी आणि तितक्याच लवकर परतणारी ही यंत्रणा असल्याने सणाच्या एका पिशवीचा ठसा यकृतावर कायम राहत नाही.

आपल्याकडे रोजचा मोठा वाटा दिसत नाही अशा जागी असतो: सुट्ट्या फरसाणात, बिस्किटांत, बेकरीच्या खारीत, आणि वडापाव तळणाऱ्या कढईत, जिथे स्वस्त आणि उष्णतेला टिकणारे म्हणून पामतेल वापरले जाते. ट्रान्स मेदावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पामिटिक आम्लासाठी तशी मर्यादा नाही. मॉरिशसमध्ये हे तेल एका शासकीय वाटेने येत होते, त्यामुळे एका निर्णयाने बदलता आले. इथे ते हजारो कारखान्यांच्या आणि लाखो कढयांच्या वाटेने येते. म्हणून इथे असा प्रयोग करायचा झाला तर पाहणीची रचनाही वेगळी लागेल: बदलापूर्वी आणि नंतर एकूण कोलेस्टेरॉलबरोबर एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड आणि एपोबी (एलडीएल व व्हीएलडीएल कणांवरील प्रथिन) स्वतंत्रपणे मोजावे लागतील, खाल्लेल्या तेलाची आठवण विचारण्याऐवजी रक्तातील फॉस्फोलिपिड या मेदरेणूंमधील पामिटिक व लिनोलेइक आम्लांचे प्रमाण पाहावे लागेल, लहान उपगटात पांढऱ्या पेशींवरील एलडीएल ग्राही तपासावे लागतील, आणि जुनेच तेल वापरणारा एखादा शेजारचा जिल्हा तुलनेसाठी ठेवावा लागेल.